बसतंय काय बघ

मिरगाचा पाऊस एकदा धरला की आमच्या नळाला चहा येतो. बिनदुधाचा, पातळ, तांबूस. पश्चिमेकडं सगळी जांभ्याची माती. ती धुऊन घेत मार्कंडेय नदी राकसकोपच्या धरणात उतरते आणि तिथनं पाणी बेळगावात येतं. तुरटी, क्लोरीन, गाळणी, सगळं होऊन येतं खरं, पण पहिल्या आठवड्यात हंड्याच्या तळाशी नखभर गाळ सापडतोच. तिकडं वर्तमानपत्रात राकसकोपची पातळी किती चढली ते छापून येत असतं आणि इकडं आमची आई नळ सोडल्यावर पहिला पेला भरून दारातल्या उजेडात धरून उभी असते. चष्मा कपाळावर, पेला डोळ्यांपुढं. वय ऐंशीच्या पुढं. मग निकाल येतो : "गढूळ हाय. बसंल."

क्वचित, परसातल्या विहिरीचं पाणी असलं तर निकाल वेगळा : "हे गढूळ नव्हे. हे नासलंय. हे बसायचं नाही."

लहानपणापासून हे ऐकत आलो, पण ती दोन वेगळ्या गोष्टी सांगते आहे हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं. साठी उलटल्यावर एक दोन फुटी काचेची पेटी घरात आली तेव्हा शिरलं.

शहापुरातलं आमचं घर जुन्या पद्धतीचं. पुढं स्टुडिओ, मागं घर, त्यामागं परस आणि विहीर. स्टुडिओ म्हणजे आता पासपोर्ट फोटो, आधारकार्डाचे झेरॉक्स आणि लग्नसराईत थोडं अल्बमचं काम. डार्करूम बंद पडून बरीच वर्षं झाली. तिथं आता फ्लेक्सचे रोल उभे असतात. पण तिच्या दाराचा काळा पडदा मी काढलेला नाही आणि फळीवरचा हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, डबाही टाकलेला नाही. बायको दर दिवाळीला दोन्हींकडं बोट दाखवते. मी म्हणतो, असू दे.

फिश टँक आमचा नव्हेच. एका बँकेतल्या साहेबांची कलबुर्गीला बदली झाली. नेहमीचं गिऱ्हाईक, मुलांच्या बारशापासूनचे फोटो मी काढलेले. जायच्या आदल्या दिवशी म्हणाले, "दोन महिने दुकानात ठेवा, तिकडं घर लागलं की घेऊन जातो." या गोष्टीला तीन गणपती झाले. टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. साठ-एक लिटर पाणी. आत चार मॉली, दोन गोल्डफिश आणि तळाला चिकटून बसणारा एक काळा सकर.

मे महिन्यातल्या एका रविवारी तो दुकानात हलवला. मासे पिशव्यांत भरले. टँकातलं जुनं पाणी पिवळसर दिसत होतं, ते नारळाच्या आळ्यात ओतलं. तळातले खडे घमेल्यात घेऊन नळाखाली धुतले; पाणी निवळ होईपर्यंत, म्हणजे सात वेळा. फिल्टरचा स्पंज काळा-तपकिरी झाला होता, तो पिळून पिळून पिवळाधमक केला. काच आतनं-बाहेरनं पुसली.

हे सगळं इतक्या बारकाईनं सांगतोय, कारण पुढचा सगळा घोटाळा या धुण्यात आहे. आणि दोष माझ्या धंद्याचा. फोटोवाल्याचा धर्मच धुण्याचा. प्रिंट फिक्सरमधनं, म्हणजे हायपोच्या पाण्यातनं, काढली की वाहत्या पाण्यात तासभर धुवायची. कागदात हायपो उरला तर फोटो आज झकास दिसतो आणि वीस वर्षांनी पिवळा पडून तुमची अब्रू काढतो. माझ्या वडिलांनी मला फोटो काढायला शिकवायच्या आधी दोन वर्षं नुसतं धुवायला लावलं होतं. तो हात खड्यांवर आणि स्पंजावर चालला.

पहिले दोन दिवस टँक दुकानातल्या शोभेच्या वस्तूसारखा दिसत होता. पाणी आहे की नाही कळू नये इतकं स्वच्छ. तिसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं तर पाण्यात कुणीतरी कपभर दूध ओतल्यासारखं. मागच्या काचेवर चिकटवलेलं समुद्राचं चित्र दिसेना. मी अर्थातच पाणी बदललं. सगळं. दुपारपर्यंत लख्ख. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा दूध. पुन्हा बदललं, स्पंज पुन्हा नळाखाली धुतला. पुन्हा दूध.

दुकानात फोटोसाठी बसलेल्या माणसाला वेळ असतो आणि समोर टँक असतो, त्यामुळं सल्ल्यांना तोटा नव्हता. मीठ घाला. निळं औषध घाला. विहिरीचं पाणी घाला. मासे बदला. एका मास्तरांनी टँकाची दिशा विचारली.

शेवटी वडगावच्या रस्त्यावर मासे विकणाऱ्या अण्णांकडं गेलो. लहानशी खोली, तीन भिंतींना टँक, मधे एका स्टुलावर अण्णा. घरची भाषा कन्नड. मराठी बोलतात तीही आम्ही बोलतो तशीच, मधेमधे कन्नडचे खडे असलेली. त्यांनी आधी मला बसवलं, मग विचारलं.

"किती दिस झाले?"

"दहा."

"पाणी कितीदा बदललासा?"

"पाच वेळा."

"सगळं?"

"सगळं."

"आणि स्पंज?"

"रोज धुतो की. नळाखाली."

अण्णा थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. "मग त्यात राहिलं काय हो मामा?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, घाण राहिली नाही. ते म्हणाले, तेच तर.

मग त्यांनी जे समजावलं ते मी नंतर वाचून पक्कं केलं, म्हणून माझ्या शब्दांत सांगतो. मासे पाण्यातच खातात, पाण्यातच सगळं सोडतात. कल्ल्यांतनं अमोनिया बाहेर पडतो. तो माशांना विष. चालत्या टँकात जिवाणूंची दोन घराणी हे विष निस्तरत असतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतं, तेही विषारीच. दुसरं नायट्राइटचं नायट्रेट करतं, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी, आणि थोडंथोडं पाणी बदलून बाहेर काढता येतं. ही घराणी पाण्यात तरंगत नाहीत. खड्यांना, काचेला आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजाला चिकटून राहतात. मी जो तपकिरी मळ सात पाण्यांनी घालवला, तो मळ नव्हता. ती वस्ती होती. आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं. त्यानं आपलं काम चोख केलं.

ही वस्ती नव्यानं बसायला चार ते सहा आठवडे लागतात, कारण हे जिवाणू सावकाश वाढतात. दुप्पट व्हायला जवळजवळ दिवस घेतात. तोवर रान मोकळं. त्या मोकळ्या रानात दुसरेच जिवाणू उठतात, उरलेल्या खाण्यावर आणि माशांच्या विष्ठेवर पोसणारे, तासाभरात दुप्पट होणारे. ते पाण्यात तरंगतात. ते दूध म्हणजे तेच. खाण्यासारखं संपलं की आपोआप ओसरतात. मी मात्र दर दोन दिवसांनी पाणी नवं करून, स्पंज निर्जंतुक करून त्यांना पुन्हा पहिल्या पानावर आणून ठेवत होतो.

"मग करू काय?"

"सुम्नं बिडरी," अण्णा म्हणाले.

बिडरी म्हणजे सोडून द्या. पण सुम्नं हा कन्नड शब्द ज्याला मराठीत आणता येईल त्यानं आणावा. उगीच, गपचूप, काही न करता, सहज. हे सगळं त्यात आहे. 'कशाला आलास?' 'सुम्नं आलो.' आमच्या भागात मराठी घरांतही तो बिनभाड्यानं राहतो. अण्णांच्या सुम्नंचा अर्थ असा की खाणं दोन दिवस बंद, मग दिवसाआड चिमूटभर. हवेचा पंप रात्रंदिवस चालू, कारण हे दुधाळ जिवाणू पाण्यातला प्राणवायू खातात. आणि स्पंजाला हात लावायचा नाही. जाताना त्यांनी आपल्या टँकातला एक मळका स्पंज ओल्या पिशवीत घालून दिला. हा तुमच्या फिल्टरमधे कोंबा. विरजण म्हणून.

विरजण म्हटल्यावर मला एकदम कळलं. ते आधी म्हणाले असते तर एवढं व्याख्यान लागलं नसतं.

आता इथनं सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण मी चौथ्या दिवशी कच खाल्ली. धुकं विरळ होत होतं, हे आता कळतं. तेव्हा मला ते तसंच दिसत होतं. त्या दिवशी एक लग्नाचं कुटुंब यायचं होतं आणि टँक स्वच्छ दिसावा अशी मला हौस आली. आदल्या दिवशीच आईनं हंड्यात तुरटी फिरवलेली बघितली होती. तुरटीचा खडा दाढीच्या सामानात होताच. थोडं विहिरीचं पाणी बदलून घातलं, खडा टँकात आठ-दहा वेळा फिरवला आणि वर शहाणपणा म्हणून फिल्टरच्या तोंडाशी ठेवून दिला. मधे एक झेरॉक्सवाला आला, मग फोन आला, खडा तिथंच.

संध्याकाळी पाणी असं झालं की लग्नवाल्यांनी टँकापुढं उभं राहून फोटो काढून घेतला. तळाला पांढऱ्या कापसाचा पातळ थर बसला होता. सकाळी दोन मॉली वर तरंगत होत्या आणि तिसरी कलंडून पोहत होती.

तुरटी काय करते? पाण्यात तरंगणाऱ्या मातीच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत राहतात आणि बसत नाहीत. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा भार धन. तो मधे पडतो, कणांचे पुंजके होतात, जड होतात, खाली बसतात. गाळणी केंद्रात हेच चालतं. पण हे होताना पाणी आंबट होत जातं. पाण्यात चुन्याचा अंश असला तर तो हे आंबटपण रिचवतो. आमची विहीर जांभ्यातली. तिचं पाणी मऊ, साबणाला भरपूर फेस येणारं, चुना जवळजवळ नाही. पूर्वेला बैलहोंगलकडच्या काळ्या रानातलं बोअरचं जड पाणी असतं तर कदाचित एवढ्यावर निभावलंही असतं. आंबट पाण्यात ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना धरतं आणि त्यांना श्वास घेता येत नाही. त्यातून मॉली हा मुळात जड पाण्यातला मासा.

आईला सांगितलं तेव्हा ती भडकली. "तुरटी हंड्याला असती. हंड्यात कोण ऱ्हातंय?"

तिसरी मॉलीही संध्याकाळी गेली. अण्णांनी या वेळी फार बोलणं केलं नाही. शिंपल्यांचा चुरा दिला, फडक्यात बांधून फिल्टरमधे ठेवायला. पाण्यात चुना सावकाश उतरतो. मी पाव टँक पाणी बदललं, पुढच्या दिवशी आणखी पाव, आणि नंतर हात मागं बांधून बसलो. दुधाळपणा पुन्हा आला, आठवडाभर राहिला आणि एका सकाळी नव्हता. कधी गेला ते मी बघितलंही नाही.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. ती आईची, तिला जोड माझ्या धंद्याची. टँकाकडं टँकात बघायचं नाही. काच, मागचं चित्र, ट्यूबलाइट, सगळं मिळून डोळ्यांना फसवतं. काचेच्या पेल्यात पाणी काढायचं. पेल्यामागं आधी पांढरं कार्ड धरायचं, मग काळं. पांढऱ्यावर रंग कळतो आणि काळ्यावर कण. निगेटिव्हवरची धूळ बघायला आम्ही असंच करायचो; बाजूनं उजेड टाकला की काळ्यावर प्रत्येक ठिपका चमकून उठतो. मोबाइलची बॅटरी बाजूनं मारली तरी चालते. मग पेला तसाच रात्रभर काउंटरवर ठेवायचा आणि सकाळी बघायचं, बसलं का.

सकाळी तळाला रेघ आणि वर निवळ, तर ती माती, खड्यांची भुकटी किंवा विष्ठेचा चुरा. म्हणजे गाळायचा प्रश्न. बसलं नाही आणि काळ्यावर दुधट, तर जिवाणू, सुम्नं. बसलं नाही आणि हिरवट, तर शेवाळ. पारदर्शक आहे पण चहाच्या रंगाचं, तर लाकडाचा किंवा पानांचा अर्क. त्यानं माशांचं काही बिघडत नाही, उलट काही मासे त्यात खुलतात. देशी बदामाची वाळलेली पानं लोक मुद्दाम टाकतात. आमच्या परसात ते झाड आहे, त्यामुळं ही एक भानगड मी स्वतःहून ओढवून घेतली आणि पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाईकानं विचारलं, "टँकात चहा सांडला काय हो?"

कणांचं प्रकरण मात्र वेगळं आणि लांबलचक आहे. टँक निवळल्यावर महिन्याभरानं पाण्यात बारीक काहीतरी उडताना दिसू लागलं. दुरून स्वच्छ, जवळ गेलं की उन्हाच्या कवडशात धूळ दिसावी तसं. काळ्या कार्डावर पेला धरला आणि चक्रावलो, कारण ते एका जातीचं नव्हतं.

काही ठिपके वर वर जात होते आणि पृष्ठभागाशी नाहीसे होत होते. ते बुडबुडे. पाण्याची पातळी उन्हाळ्यात दोन बोटं उतरली होती, फिल्टरचं तोंड उघडं पडून हवा ओढत होतं आणि तिचा भुगा करून टँकात सोडत होतं. तांब्याभर पाणी घातलं, संपलं. एवढ्यासाठी मी अण्णांकडं जाणार होतो.

काही तपकिरी तुसं होती, हळूहळू खाली बसणारी. त्यांचा माग काढायला वेळ लागला. फिल्टर बंद करून पुन्हा चालू केला की त्याच्या तोंडातनं तपकिरी धुरळा उडायचा. म्हणजे स्पंज तुंबला होता. आधी रोज धुणारा मी, आता भीतीनं दीड महिना हात लावला नव्हता. स्पंज धुवायचा, पण टँकातलंच पाणी बादलीत काढून त्यात दोन-तीनदा दाबायचा. पाणी काळं होऊ द्यायचं, स्पंज तपकिरीच राहू द्यायचा. माझ्या हाताला हे अर्धवट धुणं अजून जमत नाही. दर वेळी एकदा जास्त पिळलं जातं. स्पंजाच्या पुढं मी उशीत भरायच्या पांढऱ्या फायबर कापसाचा एक थर लावला. बारीक चुरा त्यात अडकतो, आठवड्यानं तो फेकून नवा लावायचा. गादीवाल्यानं मूठभर फुकट दिला. माशांना उशी करणार काय, म्हणाला.

पण चुरा येतो कुठनं, हे राहिलंच. खाणं मी मोजून घालत होतो. मग एका शनिवारी आतनं बघितलं, फोटोसाठी आलेली दोन पोरं डब्याचं झाकण उघडून मुठीनं दाणे टाकत होती. त्यांची आई कौतुकानं बघत होती. चौकशी केली तर प्रत्येक शनिवार-रविवार हाच कार्यक्रम. डबा आता गल्ल्यात असतो.

आणि काही ठिपके असे होते की ते ना वर जात होते ना खाली. झटका मारून पुढं, थांबा, पुन्हा झटका. पांढरे, सुईच्या टोकाएवढे. आतल्या उजेडात नीट दिसेना म्हणून पेला घेऊन परसात गेलो आणि डार्करूममधली जुनी लूप डोळ्याला लावली, निगेटिव्ह तपासायचं भिंग. एकेकाला दोन शेपट्यांसारख्या अंड्यांच्या पिशव्या. सायक्लॉप्स, गोड्या पाण्यातला बारीक जीव. आईला दाखवलं. तिनं लूप घेतली नाही, पेला तेवढा उजेडात धरला आणि म्हणाली, "असल्यासाठीच फडकं बांधत होतो आम्ही."

नारूचा रोग या सायक्लॉप्समधनं पसरायचा. पाण्याबरोबर तो पोटात गेला की वर्षभरानं पायातनं हातभर लांब कृमी बाहेर यायचा, काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा. कर्नाटकात, महाराष्ट्रात, राजस्थानात पायऱ्यांच्या विहिरींच्या गावांना हे नवं नव्हतं. त्यावरचा मोठा इलाज म्हणजे दुहेरी कापडानं पाणी गाळून पिणं. देशातला शेवटचा रुग्ण 1996 मधे सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पाणी कापडानं गाळायची आईची सवय मात्र अजून आहे, नळाला फिल्टर असूनही. मी तिला आजवर त्याबद्दल हसत आलो होतो.

टँकातला सायक्लॉप्स मात्र माशांना काही करत नाही. जास्तीचं खाणं पडलं की तो वाढतो इतकंच. उपाय विहिरीतच होता. हिवतापाच्या डासांसाठी विहिरींत गप्पी सोडायची मोहीम पूर्वी असायची, त्यातले गप्पी आमच्या विहिरीत पिढ्यान्‌पिढ्या नांदतायत. बादलीनं तीन काढले, पिशवीत तासभर टँकाच्या पाण्याची सवय करून सोडले. चार दिवसांत झटके मारणारा एक ठिपका उरला नाही. मॉलींची जागाही भरली.

हायपोची गोष्ट आता सांगतो, कारण बायकोनं डबा भंगारात घालायचं पुन्हा काढलंय. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. बॅरलमधे दिवसभर उघडं राहिलेलं असलं तर क्लोरीन उडून जातं. पण एकदा घाईत नळाचा पाइप थेट टँकात सोडला आणि सगळे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडू लागले. क्लोरीन काढायचे थेंब अण्णांकडं मिळतात, बारकी बाटली. तिच्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली तर सोडियम थायोसल्फेट. म्हणजे हायपो! हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं 1819 मधे ज्याचा गुण ओळखला आणि वीस वर्षांनी ज्याच्यामुळं फोटो कागदावर टिकायला लागला, तो आमचा हायपो. माझ्या वडिलांनी पोत्यानं आणला होता. क्लोरीनच्या सुमारे सात पट हायपो व्यवहारात धरतात. म्हणजे वीस लिटरच्या बादलीला तांदळाच्या दाण्याएवढे दोन-चार स्फटिक. मात्र निव्वळ स्फटिकच. तयार फिक्सरच्या पुड्यांत आम्ल आणि आणखी काय काय असतं, त्या या कामाच्या नव्हेत. जी गोष्ट फोटोत उरू नये म्हणून मी आयुष्यभर तासतास पाणी सोडलं, ती आता चिमटीनं पाण्यात घालतो. डबा अर्धा भरलेला आहे. मला पुरून उरेल.

काळ्या पडद्याचं कामही त्याच वर्षी निघालं. ऑक्टोबरमधे सूर्य खाली उतरतो आणि दुपारी तीननंतर ऊन दुकानाच्या दारातनं सरळ टँकावर. पंधरा दिवसांत पाणी वाटाण्याच्या उसळीसारखं. पेला, पांढरं कार्ड, हिरवं; बसत नाही. हे शेवाळ एकेका पेशीचं, कापसातनं आरपार जाणारं. पाणी बदलून उपयोग नाही, उरलेलं दोन दिवसांत तेवढंच होतं. त्याला उजेडच तोडायचा. डार्करूमचा पडदा काढून टँकाला चारी बाजूंनी गुंडाळला, चार दिवस. हवेचा पंप चालू, खाणं बंद. गिऱ्हाईकं विचारायची, कोण गेलं काय? पाचव्या दिवशी पडदा काढला, मेलेलं शेवाळ गाळात होतं, तिसरा हिस्सा पाणी बदललं. टँक आता आतल्या भिंतीला आहे आणि पडदा धुऊन पुन्हा डार्करूमच्या दाराला लावलाय. बायको काही बोलली नाही.

साहेबांचा मधे फोन आला होता. कलबुर्गीत त्यांनी नवा टँक घेतला, तीन फुटी. हा तुमच्याकडंच राहू द्या म्हणाले. आणि जाता जाता : "पाणी पांढरं झालंय हो इथं. सगळं धुऊन नवीन भरलं तरी परत होतंय. काय करू?" मी अर्धा तास बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. धुणार ते नक्की.

यंदा जुलैत झड लागली होती. आठ दिवस ऊन नाही, भिंतींना ओल, फोटोच्या कागदांना बुरशीचा वास. विहीर काठोकाठ. आदल्या रात्री मी टँकात विहिरीचं गार पाणी थोडं घातलं होतं. सकाळी आई दुकानात येऊन बसली आणि तिथनं हाक मारली, "अरे, नासलं बघ परत."

जाऊन बघितलं तर पेटी वरपासून खालपर्यंत पांढरी. पाठीमागचं चित्र नाही, मासे नाहीत, नुसतं धुकं. पोटात गोळा आला. काय चुकलं, गप्पींना काय घातलं, कापूस कधी बदलला, सगळं डोक्यातनं फिरून गेलं. पेला घेतला, पाणी काढलं, काळं कार्ड धरलं. काही नाही. पांढरं धरलं. काही नाही. लख्ख पाणी.

आई उठून टँकाजवळ गेली आणि काचेवरनं बोट फिरवलं. बोटाच्या मागं एक स्वच्छ रेघ उमटली, आणि रेघेत सकर, काचेला तोंड लावून. गार पाण्यानं काच बाहेरनं घामेजली होती. तिनं ओलं बोट पदराला पुसलं आणि म्हणाली, "पूस की आता. धुऊ नको."